महाजालाची मोकळी वाट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरी आल्मन स्ट्रोजर नावाचे एक गृहस्थ राहत असत. मृतांच्या अंत्यविधीची सर्व व्यवस्था लावून देणे हा त्यांचा व्यवसाय होता. त्या काळी दूरध्वनी करावयाचा म्हणजे आधी मध्यवर्ती कचेरीतील बाईला हाक मारावी लागे, कोणाशी बोलावयाचे ते तिला सांगावे लागे, आणि मग ती आपल्या हाताने तारेला तार जोडून देई. स्ट्रोजर यांचा धंदा बसू लागला तेव्हा त्यांच्या मनात संशय आला. त्या कचेरीतील बाई त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरातील होती आणि स्ट्रोजर यांना मागणारे ग्राहक ती परभारे तिकडे जोडून देत असे, अशी आख्यायिका आहे. खरे खोटे देव जाणे. स्ट्रोजर यांनी तक्रार करीत बसण्यापेक्षा एक यंत्रच रचले. त्यात मध्ये माणूस नव्हता. बोलणाऱ्यानेच क्रमांक द्यावा आणि यंत्राने निमूटपणे तार जोडावी, अशी ही योजना होती. १८९१ साली त्यांना या यंत्राचे एकस्व मिळाले आणि पुढल्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी त्यावर चालणारी कचेरी सुरू झाली.

गोष्ट गमतीची खरी. परंतु तीत गुंतलेला प्रश्न गमतीचा नाही. दोन माणसांच्या बोलण्याच्या मध्ये जो बसलेला असतो तो एका बाजूचा झाला तर काय करावे, हा तो प्रश्न. तारायंत्राच्या काळीही तो उभा राहिला होता. अमेरिकेच्या काँग्रेसने १८६० साली पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तार नेण्याचा कायदा केला, तेव्हाच त्यात अट घातली की, सरकारी तारांचा अग्रमान सोडला तर कोणाचीही तार ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने, पक्षपात न करता, पुढे धाडली पाहिजे. आज इंटरनेटच्या संदर्भात ज्या तत्त्वावरून देशोदेशी न्यायालये, सरकारे आणि नागरिक झुंजत आले आहेत त्याचे बीज या जुन्या अटीत सापडते. ‘नेट न्यूट्रॅलिटी’ हे त्याचे इंग्रजी नाव अमेरिकन कायदेपंडित टिम वू यांनी २००३ साली एका निबंधातून रूढ केले. मराठीत आपण त्याला महाजालाचा निःपक्षपात म्हणू.

हा निःपक्षपात कळण्यासाठी महाजालावरून मजकूर कसा जातो हे थोडे पाहिले पाहिजे. आपण एखादे पत्र, छायाचित्र किंवा गाणे पाठवितो तेव्हा ते अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात, त्या प्रत्येकावर कोठून आला व कोठे जावयाचा हे पत्ते लिहिले जातात, आणि हे पुडके वेगवेगळ्या वाटांनी मुक्कामी पोहोचून तेथे पुन्हा एकत्र जुळविले जातात. ही रचना व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडली व १ जानेवारी १९८३ पासून ती महाजालाच्या पूर्वजाने, म्हणजे अर्पानेटने, स्वीकारली. तीत वाटेवरील यंत्राला अक्कल फार थोडी दिलेली आहे. त्याने पत्ता वाचावा आणि पुडके पुढे ढकलावे. आत कवितासंग्रह आहे की कांद्याचे भाव, तो बड्या कंपनीने धाडला की इंदूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने, हे पाहण्याचे त्याला कारण नाही. शहाणपण सारे दोन टोकांना, मध्ये फक्त वाट. याच कारणामुळे कोणाचीही परवानगी न घेता कोणालाही महाजालावर नवे काही मांडता आले. टिम बर्नर्स-ली यांनी जीनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत विश्वजाल, म्हणजे वेब, रचले. त्यासाठी कोणत्याही दूरध्वनी कंपनीच्या दाराशी त्यांना उभे राहावे लागले नाही. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते साऱ्या जगाला विनामूल्य खुले करून टाकले.

परंतु यंत्रे पुढे हुशार झाली. पुडके उघडून आत काय आहे हे ओळखण्याची युक्ती निघाली आणि जे ओळखता येते ते अडविता येते, रेंगाळविता येते, किंवा त्यावर निराळा आकार बसविता येतो. नदीवरच्या तरीचे उदाहरण घ्या. पलीकडच्या तीरावर बाजार आहे. तांडेल माणशी ठरलेले उतारू-भाडे घेतो आणि सर्वांना पार नेतो. उतारू कोणाच्या दुकानी जाणार याची तो चौकशी करीत नाही. आता बाजारातील एका धनिक दुकानदाराने तांडेलाशी संधान बांधले की, “माझ्या दुकानी येणाऱ्यांना फुकट आण, त्यांचे भाडे मी देतो.” उतारूंना आनंदच होईल. पण वर्षभराने पाहावे तर बाजारातील लहान दुकाने एकेक करून बंद झालेली असतील. त्यांचा माल वाईट होता म्हणून नव्हे, तर त्यांच्यापर्यंत जाण्यास पैसे पडत होते म्हणून. आणि तांडेलही आता पूर्वीचा राहिलेला नसेल. कोणत्या दुकानाकडे गर्दी वळवावी हे विकण्याचा नवा धंदा त्याच्या हाती आलेला असेल.

भारतात हा प्रश्न केवळ दृष्टान्तापुरता राहिला नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सुरू केले. त्यानंतरच्या वीस वर्षांत ते संगणकावरून मोबाइलवर आले, आणि तेथे दूरध्वनी कंपन्यांच्या पोटावर पाय येऊ लागला. लोक पैसे मोजून लघुसंदेश पाठविण्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅप वापरू लागले, परदेशी असलेल्या मुलांशी स्काइपवरून बोलू लागले. कंपन्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. लहरींच्या लिलावात आम्ही प्रचंड रकमा भरतो, मनोरे उभारतो, आणि आमच्याच वाटेवरून दुसरे लोक आमचेच गिऱ्हाईक नेतात, अशी त्यांची तक्रार होती. मात्र ते ग्राहक त्या वाटेचे भाडे भरतच होते, ही गोष्ट या तक्रारीत सोयिस्करपणे राहून जाई. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणासाठी निराळी आकारणी जाहीर केली; तिच्याविरुद्ध एवढा गहजब झाला की थोड्याच दिवसांत ती मागे घ्यावी लागली.

मग दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘ट्राय’, पुढे सरसावले. २७ मार्च २०१५ रोजी त्याने एक विचारार्थ निबंध प्रसिद्ध केला. पाने ११८, प्रश्न २०, भाषा कायद्याची आणि इंग्रजी. उत्तरे २४ एप्रिलपर्यंत धाडावयाची. असले कागद एरवी कंपन्यांचे वकील सोडून कोण वाचतो? या वेळी मात्र वाचले गेले. मीडियानामा या नियतकालिकाचे संपादक निखिल पाहवा आणि त्यांच्यासारखे काही पत्रकार, वकील व संगणकतज्ज्ञ स्वेच्छेने एकत्र आले. त्यांनी निबंधाचा सोपा सारांश केला, वीसही प्रश्नांची उत्तरे तयार केली, आणि नागरिकाने ती वाचून, हवी तशी बदलून थेट ट्रायकडे पाठवावी अशी सोय ‘सेव्ह द इंटरनेट’ या नावाने करून दिली. ए.आय.बी. या विनोदी कलावंतांच्या मंडळीने त्यावर एक चित्रफीत काढली. गंभीर कायदेपंडितांना जे साधले नसते ते त्या टवाळखोर पोरांनी साधले. मुदत संपेपर्यंत ट्रायकडे दहा लाखांहून अधिक पत्रे पोहोचली होती.

याच धामधुमीत, एप्रिल २०१५ मध्ये, एअरटेलने ‘एअरटेल झीरो’ नावाची योजना काढली. तिच्यात ग्राहकाऐवजी त्या त्या व्यापारी कंपनीने वाटेचे भाडे भरावयाचे होते. आपल्या तरीचीच ही गोष्ट! फ्लिपकार्ट तीत सामील होणार होती. परंतु लोकांचा रोष पाहून तिने आठवड्याभरातच अंग काढून घेतले. येथे एक प्रमादही नोंदविला पाहिजे. आलेली सर्व पत्रे खुली ठेवावयाची या नियमाला धरून ट्रायने ती संकेतस्थळावर मांडली, ती पाठविणाऱ्यांच्या नावांसकट आणि ई-मेलच्या पत्त्यांसकट! नागरिकाने मत द्यावे आणि त्याचा पत्ता चव्हाट्यावर यावा, हा प्रकार पाहून पुष्कळांना वाईट वाटले.

तथापि खरी लढत पुढेच होती आणि तिच्यातील प्रतिपक्ष दूरध्वनी कंपनीहून पुष्कळ मोठा होता. फेसबुकने १० फेब्रुवारी २०१५ रोजी रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने भारतात ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही योजना आणली होती. महाराष्ट्र, गुजरात, तेलंगण, आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि केरळ या राज्यांत ती सुरू झाली आणि तिच्या भाषांत मराठीही होती. तीसेक संकेतस्थळे तीत फुकट पाहता येत. हवामान, नोकऱ्या, बातम्या, आरोग्यविषयक सल्ला, आणि अर्थात फेसबुक! बाकीचे अफाट महाजाल मात्र कुंपणाबाहेर राहिले. प्रवासाची तिकिटे विकणारी क्लिअरट्रिप ही कंपनी एप्रिलमध्ये त्यातून बाहेर पडली. सप्टेंबरमध्ये योजनेचे नाव बदलून ‘फ्री बेसिक्स’ झाले, अटी काहीशा सैल झाल्या, अधिक संकेतस्थळांना आत येण्याची मुभा मिळाली; परंतु प्रवेशाच्या अटी ठरविणारी आणि सर्व वाहतूक आपल्या यंत्रांतून नेणारी कंपनी तीच राहिली.

डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने नेमका प्रश्न विचारला: निरनिराळ्या मजकुरासाठी निरनिराळे दर आकारू द्यावे काय? त्यासरशी वर्तमानपत्रांतून फ्री बेसिक्सच्या पानपानभर जाहिराती झळकू लागल्या. फेसबुक उघडताच वापरणाऱ्यापुढे आयता मसुदा येई; त्याने बोट लावले की ट्रायकडे समर्थनाचे पत्र रवाना होई. २८ डिसेंबरला मार्क झुकरबर्ग यांचा लेख एका मोठ्या इंग्रजी दैनिकात आला. त्यात त्यांनी महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला दिला होता. या शेतकऱ्याने फ्री बेसिक्सवर पावसाचा अंदाज पाहिला, मालाचे भाव पाहिले, आणि आता तो नवी पिके व जनावरे यांत पैसे गुंतवीत आहे, असे ते वर्णन होते. लेखाचा आशय एवढाच की, ग्रंथालयात सगळी पुस्तके नसतात म्हणून ग्रंथालयच नको असे कोणी म्हणते काय?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. ज्याच्यापाशी महिन्याला शंभर रुपये खर्चावयास नाहीत त्याला संपूर्ण महाजालाच्या स्वातंत्र्याची थोरवी सांगणे हे पोट भरलेल्याने उपाशी माणसाला पाकशास्त्र शिकविण्यासारखे आहे. विरोध करणारे बहुतेक शहरी आणि सुशिक्षित होते, हीही गोष्ट खरी. विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेनेसुद्धा काही देशांत २०१२ ते २०१८ या काळात आपला ज्ञानकोश मोबाइलवर विनामूल्य देण्याची अशीच योजना राबविली होती. म्हणजे हेतू शुद्ध असणाऱ्यांनाही ही वाट मोहात पाडीत होती. मग चूक कोठे? चूक त्या ग्रंथालयाच्या उपमेत आहे. गावच्या वाचनालयात पुस्तके थोडी असली तरी ती निवडणारी समिती गावची असते, आणि त्या पुस्तकांपैकी एकाचा प्रकाशक वाचनालयाचा मालक नसतो. शिवाय, ज्याने महाजाल कधी पाहिलेच नाही त्याला आपणास काय मिळालेले नाही हे कळणार तरी कसे? पावसाचा अंदाज देणारे एकच स्थळ त्याच्या कुंपणात असेल, तर त्याच्या लेखी तोच पाऊस. बेळगावातून किंवा ग्वाल्हेरीतून दोनचार हौशी माणसे चालवीत असलेले मराठी संकेतस्थळ त्या शेतकऱ्यापर्यंत जावे तर आधी अमेरिकेतील एका कंपनीच्या अटींप्रमाणे स्वतःला घडवावे लागणार. टिम बर्नर्स-ली यांनीही महाजालाचा तुकडा महाजाल म्हणून देणाऱ्या अशा योजनांना स्पष्ट नकार द्यावा, असे मत दिले होते.

ट्रायचे अध्यक्ष त्या वेळी आर. एस. शर्मा होते. प्राधिकरणाने फेसबुकला खरमरीत पत्र लिहिले. आम्ही चार प्रश्न विचारले आणि तुमच्या लाखो पत्रांत त्यांपैकी एकाचेही उत्तर नाही, गंभीर विचारविनिमयाचे रूपांतर तुम्ही हात वर करून घेतलेल्या कौलात केले आहे, असा त्याचा रोख होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय लागला. मजकूर पाहून दर कमीजास्त करण्यास बंदी झाली. मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार रुपये, अधिकात अधिक ५० लाख रुपये दंड ठरला. अपवाद दोनच राहिले. आणीबाणीच्या प्रसंगी एखादी सेवा स्वस्त वा फुकट देता येईल, मात्र सात कामाच्या दिवसांत प्राधिकरणाला कळविले पाहिजे. आणि महाजालाला न जोडलेल्या बंदिस्त जाळ्यांना नियम लागू नाही. आपल्या कारणमीमांसेत ट्रायने सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ सालच्या, विद्युत्‌लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगणाऱ्या, प्रसिद्ध निकालाचा आधार घेतला. तो खटला क्रिकेटच्या सामन्याच्या प्रक्षेपणावरून उद्भवला होता! तीनच दिवसांनी फेसबुकने भारतातील फ्री बेसिक्स बंद केल्याचे जाहीर केले. कंपनीच्या संचालकांपैकी मार्क अँड्रीसन यांनी चिडून, वसाहतवादाला विरोध करून भारताने आपलेच नुकसान केले अशा अर्थाचे विधान केले. झुकरबर्ग यांना त्याचा जाहीर निषेध करावा लागला आणि अँड्रीसन यांनी क्षमा मागितली.

त्या गरीब शेतकऱ्याचे पुढे काय झाले, असा प्रश्न येथे विचारला जाणे रास्त आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली, दर कोसळले, आणि कुंपण नसलेले महाजाल कोट्यवधी खेडुतांच्या हाती आले. मात्र हे श्रेय नियमाचे नव्हे. ही व्यापारातील झुंज होती. ती झाली नसती तर फ्री बेसिक्सच्या बाजूने बोलणाऱ्यांना आजही पुष्कळ बोलता आले असते. पुढे एप्रिल २०२० मध्ये याच जिओच्या कंपनीचा ९.९९ टक्के हिस्सा फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपयांना घेतला, हेही सांगून ठेवावे. दरम्यान दरांपुरता असलेला हा नियम विस्तारला होता. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार आयोगाने मान्यता दिली आणि मजकूर अडविणे, मंदावणे किंवा एखाद्यास झुकते माप देणे यांस बंदी करणारी कलमे परवान्यांतच घातली गेली.

एवंच, कंपनीच्या कुंपणाचा प्रश्न भारताने बराचसा सोडविला. पण वाटेच्या मध्ये बसणारी कंपनी ही एकटीच नसते. तारयंत्राच्या १८८५ सालच्या कायद्याखाली २०१७ मध्ये जे नियम झाले त्यांनुसार सरकारला सार्वजनिक सुरक्षिततेसाठी महाजाल काही काळ बंद ठेवता येत असे. ५ ऑगस्ट २०१९ पासून जम्मू-काश्मीरमध्ये ते बंद झाले. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की महाजालावरून मत मांडणे व व्यापार करणे यांना घटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, आणि बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत. न्यायालयाने बंदी मात्र उठविली नाही. त्या महिन्याच्या अखेरीस काश्मिरात मंदगती महाजाल आले, पण कसे? सरकारने ठरविलेली ३०१ संकेतस्थळे तेवढी उघडतील, समाजमाध्यमे नाहीत, असे. चार वर्षांपूर्वी कंपनीने काढलेले कुंपण देशाने नाकारले होते, आणि आता तसलेच कुंपण सरकारी शिक्क्याने उभे राहिले. ती यादी मार्चमध्ये रद्द झाली. वेगवान सेवा परत येण्यास ५ फेब्रुवारी २०२१ उजाडले. तोपर्यंत महामारी येऊन साऱ्या देशाची शाळा मोबाइलवर भरू लागली होती. काश्मीरच्या मुलांनी ती त्या मंदगती वाटेवरूनच गाठावयाची होती.

याउलट एक लहानसा निकाल केरळातून आला. कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींनी ठराविक वेळात मोबाइल वापरू नये असा दंडक होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढण्यात आले. ती उच्च न्यायालयात गेली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने महाजालापर्यंत पोहोचण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचाच भाग मानून तिला परत घेण्यास सांगितले.

अमेरिकेत, जेथे या तत्त्वाचा जन्म झाला, तेथे त्याची परवड झाली आहे. तेथील दळणवळण आयोगाने २०१५ साली नियम केला, २०१७ साली पक्षांतर झालेल्या त्याच आयोगाने तो मोडला, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा बसविला, आणि २ जानेवारी २०२५ रोजी एका अपील न्यायालयाने आयोगाला असा नियम करण्याचा अधिकारच नाही असे सांगून तो रद्द केला. वाद दरवेळी एकाच ठिकाणी येऊन थांबे: महाजाल पुरविणे ही दूरध्वनीसारखी सार्वजनिक सेवा की नुसती माहितीची सेवा? संसदेने स्पष्ट कायदा केला नाही, म्हणून नियमाचा लंबक सत्तेबरोबर हलत राहिला.

भारतातील दूरध्वनी कंपन्यांनीही आपली जुनी तक्रार सोडलेली नाही. जुलै २०२३ मध्ये ट्रायने महाजालावरील संभाषणसेवांविषयी पुन्हा विचारार्थ निबंध काढला, तेव्हा बड्या संकेतस्थळांनी वाटेच्या खर्चाचा ‘न्याय्य वाटा’ उचलावा अशी मागणी त्यांच्या संघटनेने केली. ऐकावयास ती बरी वाटते. तिचा प्रयोग दक्षिण कोरियात २०१६ पासून झाला आहे. तेथे मजकूर धाडणाऱ्या बाजूने भाडे भरावे अशी पद्धत जाळ्यांमध्ये बसविण्यात आली आणि तिचा भार हळूहळू संकेतस्थळांवर आला. खेळांचे थेट प्रक्षेपण दाखविणाऱ्या ट्विच या कंपनीने आधी चित्राचा दर्जा उतरविला. मग इतर बहुतेक देशांच्या दहापट भाडे आपणास परवडत नाही असे सांगून २७ फेब्रुवारी २०२४ रोजी त्या देशातील आपला कारभार बंद केला.